गाडी काढावी की थांबावे?

दिवाळीपासून आमच्या स्टाफरूममध्ये दोनच विषय आलटूनपालटून चालतात. पहिला, आठवा वेतन आयोग आपल्यापर्यंत कधी पोहोचणार. आणि दुसरा, गाडी त्याच्या आधी घ्यावी की नंतर. केंद्र सरकारने जानेवारी २०२५ मध्ये आयोगाला मंजुरी दिली तेव्हापासून आमचे इतिहासाचे सर एका जुन्या उत्तरपत्रिकेच्या पाठकोऱ्या पानावर संभाव्य पगाराचे आकडे मांडत आहेत. मी त्यांना दर वेळी आठवण करून देतो की सातवा आयोग लागू झाला १ जानेवारी २०१६ पासून, आणि महाविद्यालयीन शिक्षकांसाठीचा शासन निर्णय निघाला मार्च २०१९ मध्ये. मधली तीन वर्षे आपण काय करत होतो? वाट पाहत होतो. यावर ते म्हणतात, ‘सर, तुम्हाला काय, तुमच्याकडे आहे गाडी.’

आहे, हे खरे. पण माझाही प्रश्न तोच आहे, आणि तो मांडायला थोडा संकोच वाटतो. नरहर कुरुंदकर ज्या गावात शिकवत, बोलत आणि लिहीत होते त्या नांदेडमध्ये बसून मराठीच्या प्राध्यापकाने चारचाकीवर निबंध लिहावा, हे काही वाचकांना अधःपतनाचे लक्षण वाटेल. त्यातून माझी गाडी ‘कुटुंबाची गाडी’ या सोज्ज्वळ सदरात मोडत नाही. ती २०१६ सालची फोक्सवॅगन पोलो जीटी आहे. तीन वर्षे वापरलेली, पुण्याच्या पासिंगची. सातव्या आयोगाचा शासन निर्णय निघाला त्या वर्षी, त्याच्या भरवशावर, मी ती एका संगणक अभियंत्याकडून घेतली. ती मी गरज म्हणून घेतली नाही, हौस म्हणून घेतली. गरजेची गाडी घ्यायची असती तर तेवढ्याच पैशांत डिकी मोठी असलेली, मायलेज बरे असलेली आणि आमच्या सोसायटीत कोणालाही प्रश्न न पडणारी गाडी आली असती.

या जातीच्या गाड्यांना इंग्रजीत ‘हॉट हॅच’ म्हणतात. मराठीत शब्द नाही. दिसायला साधी, बुटकी, घराघरात असते तशी हॅचबॅक. पण इंजिन तिच्या अंगापेक्षा मोठ्या काळजाचे. १९७६ साली जर्मनीत गोल्फ जीटीआय बाजारात आली आणि ही कल्पना रूढ झाली. कंपनीने मोजक्या पाच हजार गाड्यांचा विचार केला होता. पहिल्या पिढीच्याच लाखोंनी खपल्या. माझ्या गाडीचे इंजिन कागदोपत्री अवघे बाराशे सीसीचे आहे. पण बाहेर पडणाऱ्या धुराच्याच जोराने एक छोटे चाक फिरते, ते इंजिनात जास्तीची हवा कोंबते, आणि त्या बाराशेमधून १०५ अश्वशक्ती निघते. याला टर्बो म्हणतात. टाकाऊ धुराला कामाला लावण्याची ही युक्ती मला आजही थोर वाटते.

शब्द नसला तरी वस्तू आपल्याला अनोळखी नाही. आमच्या कंधारकडच्या गावात आजोबांकडे ओझ्याची बैलगाडी वेगळी होती आणि दमणी वेगळी. दमणी म्हणजे हलकी, माणसे नेण्याची, पळती गाडी. तिला जुंपायची जोडीही वेगळी असे: लाल कंधारी, आटोपशीर बांध्याची, शेपटीला हात लागायच्या आत निघणारी. शेजारच्या लातूर जिल्ह्याचा देवणी बैल अधिक भारदस्त. दोन जिल्ह्यांनी दोन जाती घडवल्या, आणि कोणती श्रेष्ठ यावर लग्नाच्या पंगतीत भांडणे होत. शंकरपटाचा नाद तर विचारूच नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शर्यती थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा वैध ठरवला; या सात-आठ वर्षांत कितीएक लोकांनी पळत्या जोड्या काहीही काम नसताना सांभाळल्या. वेगाची हौस ही उदारीकरणाने आणलेली परदेशी वस्तू आहे असे जे आपण वर्गात सहज बोलून जातो, ते मला म्हणूनच पटत नाही.

आपल्या साहित्याने मात्र बैल आणि मोटार यांना कधी एका पंगतीत बसवले नाही. ग्रामीण कथेत बैल विकला जातो तेव्हा घर रडते. मोटार मराठी कथेत येते ती बहुधा तीन कामांसाठी: श्रीमंती दाखवायला, विनोद घडवायला, नाही तर नायिकेच्या वडिलांचा अपघात करायला. मोटारीवर कोणी जीव लावला, तिच्या आवाजावरून तिचे दुखणे ओळखले, तिला विकताना कोणाचा हात थरथरला, हे फारसे आलेले नाही. ज्यांच्याकडे ती होती त्यांना ती उपकरण वाटली आणि ज्यांच्याकडे नव्हती त्यांना ती शत्रू. मधला मोठा वर्ग गाडीवाला झाला तो गेल्या पंचवीस-तीस वर्षांत, आणि त्याने आपल्या गाडीबद्दल लिहिले ते कर्जाच्या अर्जावर.

वास्तविक या छोट्या पळत्या गाड्यांचा भारतातला इतिहास बराचसा महाराष्ट्राचाच आहे. २००१ साली फियाटची पालिओ आली, तिची १.६ लिटरची जीटीएक्स ही आवृत्ती आपल्याकडची पहिली खरी हॉट हॅच म्हणावी लागेल, आणि ती मुंबईत कुर्ल्याला बनत असे. तिच्या जाहिरातीत सचिन तेंडुलकर होता. त्याच्या नावाने एस-१० ही मर्यादित आवृत्तीही निघाली. पुढे २०१५ मध्ये त्याच कंपनीची अबार्थ पुंतो आली, १४५ अश्वशक्तीची, दहा लाखांच्या आत. ती रांजणगावची. माझी पोलो चाकणची. तो कारखाना २००९ साली सुरू झाला आणि पोलो २०१० पासून विकली जाऊ लागली. टाटांची अल्ट्रोझ पुण्याची, तिची ‘रेसर’ आवृत्ती जून २०२४ मध्ये आली. म्हणजे कुर्ला, रांजणगाव, चाकण, पिंपरी. आमच्या मराठवाड्याच्या वाट्याला यांतले काही आले नाही. या गाड्या आमच्याकडे आल्या त्या बहुतेक पुण्यातल्या कोणाच्या तरी वापरून झाल्यावर, एमएच-१२ किंवा एमएच-१४ ची पाटी लावून. ऊस मात्र आमच्याकडचा. त्याबद्दल पुढे लिहितो.

आता यांतल्या किती उरल्या? पालिओ गेली. १ एप्रिल २०२० ला भारत-६ हे धुराचे नवे निकष लागू झाले, त्याच्या आसपास पुंतो आणि मारुतीची बलेनो आरएस या दोघी गेल्या. पोलोचे बाराशेचे इंजिन त्याच वेळी गेले, त्या जागी हजाराचे आले, आणि २०२२ मध्ये पोलोच गेली. ज्या कंपनीने ती थांबवली तिनेच २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय आयात करून आणली. किंमत सुमारे ५३ लाख, पहिल्या खेपेच्या गाड्या १५०. ही बातमी मी स्टाफरूममध्ये वाचून दाखवली तेव्हा इतिहासाचे सर म्हणाले, ‘आठवा काय, अठरावा आयोग लागेल.’ ह्युंदाईने २०२१ मध्ये आय-२० ची एन लाइन काढली. ती सोडली तर माझ्यासारख्याच्या ऐपतीत हा प्रकार जवळपास संपत आला आहे.

कारण सगळ्यांना माहीत आहे. लोकांना उंच गाडी हवी. देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांत आता निम्म्याहून अधिक एसयूव्ही आणि तत्सम उंच गाड्या आहेत. माझा मेहुणा लातूरला राहतो. त्याच्याकडे पांढरी, उंच, पुढे भलेमोठे नाक असलेली गाडी आहे. मी त्याच्या दारात गाडी लावली की तो वरून बघतो आणि विचारतो, ‘दाजी, अजून किती दिवस ही बुटकी चालवायलाव? जरा रस्ता वरून बघायला शिका की.’ त्याचे म्हणणे चूक नाही. त्याच्या शेतापर्यंतचा रस्ता पाहिला तर माझ्या गाडीचे पोट तीन ठिकाणी घासते. पण त्याची गाडी त्या शेतात वर्षातून चार वेळा जाते आणि उरलेले दिवस लातूरच्या गंजगोलाईभोवती फिरते. उंचीचा संबंध खड्ड्यांशी थोडा आणि वरून बघण्याशी जास्त आहे, हे त्याच्याच वाक्यात आले.

आमची रोजची अडचण वेगळी आहे. पत्नी लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, मुलगी तिथेच बारावीला. ‘लातूर पॅटर्न’ म्हणून जे गाजले त्याचीच ती एक विद्यार्थिनी. सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी टेस्ट. मी नांदेडला. दर शनिवारी सुमारे एकशे चाळीस किलोमीटर जायचे, रविवारी रात्री किंवा सोमवारी पहाटे परत यायचे. लोहा, माळेगाव, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर, लातूर. हा पूर्वी खड्ड्यांचा रस्ता होता. आता राष्ट्रीय महामार्ग ३६१ म्हणून रुंद झाला आहे. या रस्त्यावर ही गाडी काय करते ते सांगायचे तर एवढेच म्हणेन की आठवड्याचे उरलेले पाच दिवस मी बैठकांचे इतिवृत्त, नॅकचे तक्ते आणि अंतर्गत गुणांच्या याद्या करतो. आणि शनिवारी लोह्याच्या पुढे मोकळ्या चढावर पाय दाबला की बाराशे सीसीचे ते लहानगे यंत्र एकदम जागे होते, आणि मीही होतो. यात तत्त्वज्ञान काही नाही.

मग प्रश्न काय आहे? गाडीला दहा वर्षे होत आली. मेकॅनिक म्हणतो, ‘सर, इंजिन टकाटक आहे, पण रबर म्हातारं झालंय.’ खालचे बुश, नळ्या, सील, टायर. एकदाच सगळे बदलायचे तर साठ-सत्तर हजार. एक्स्चेंजमध्ये चार लाख येतील असे विक्रेता सांगतो. नवी तशीच पळती गाडी रस्त्यावर येईपर्यंत बारा लाख. म्हणजे कर्ज आठ लाखांचे. नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी हप्ता सोळा हजार सहाशेच्या आसपास, आणि व्याजापोटी जवळपास दोन लाख. हिशेब मी तीनदा केला. तिन्ही वेळा तोच आला, पण दर वेळी मला वेगळे काहीतरी वाटले.

मराठीत आपण गाडी ‘घेतली’ म्हणतो, पण जास्त वेळा ‘काढली’ म्हणतो. ‘दसऱ्याला नवी गाडी काढली.’ कर्जही आपण काढतोच. आणि जुनी गाडी मोडीतही काढतो. एकाच क्रियापदात वस्तूचा जन्म, तिची किंमत आणि तिचा मृत्यू. ‘अपग्रेड’ या शब्दात हे काही नाही. त्यात एक शिडी गृहीत धरलेली आहे. प्रत्येक पुढची पायरी वरच असणार, आणि खाली राहिलेल्या पायरीचे काय झाले हे विचारायचे नाही. मुलांना आपण व्युत्पत्ती शिकवतो, पण बाजारातून आलेला शब्द हातात घेताना उलटून पाहत नाही.

थांबण्याचे म्हणाल तर अलीकडे सगळा देशच एकदा थांबून पाहिला आहे. १५ ऑगस्ट २०२५ ला लाल किल्ल्यावरून वस्तू व सेवा कराचे दर उतरणार असे जाहीर झाले, आणि प्रत्यक्षात ते उतरले २२ सप्टेंबरला. मधले पाच आठवडे शोरूममध्ये शुकशुकाट होता. गौरी-गणपतीच्या मुहूर्तालाही लोक गाडी बघून, हात लावून, परत येत होते. शेवटी चार मीटरच्या आतल्या आणि बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा कर उपकरासह २९ टक्के होता तो १८ वर आला. ज्यांनी थांबून पाहिले त्यांचा फायदा झाला. हे चार मीटरचे गणितही जुनेच. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांचे उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्के झाले तेव्हापासून आपल्या गाड्यांची लांबी अभियंत्यांइतकीच अर्थमंत्र्यांनीही ठरवली आहे. माझी पोलो ३,९७१ मिलिमीटर लांब आहे. उरलेले २९ मिलिमीटर सरकारच्या मर्जीचे.

पण ते थांबणे सोपे होते, कारण येणारी गोष्ट ठरलेली होती, तारीखही ठरली. आम्हा हॉट हॅचवाल्यांनी कशाची वाट पाहायची? ‘वाट पाहणे’ या शब्दातच वाटेवर कोणीतरी येत असल्याचे गृहीत आहे. वाट रिकामी असेल तर तिच्याकडे बघत बसण्याला मराठीत वेगळे शब्द आहेत, आणि ते फारसे आदराचे नाहीत. विजेवरची पळती लहान गाडी येईल असे काही मित्र म्हणतात. येईलही. वेग तर विजेच्या गाडीत पहिल्या क्षणापासून असतो. पण ऐपतीत बसेल अशी, एका दमात लातूरला जाऊन परत येईल अशी, आणि तरीही हलकी, हे तिन्ही एकत्र मला अजून दिसत नाही. बॅटरीचे ओझे आणि पळत्या गाडीचे चापल्य यांचे पटत नाही.

थांबण्याच्या विरुद्ध सर्वांत भक्कम मुद्दा पेट्रोलपंपावर मिळाला. २०२५ मध्ये देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. मूळ मुदत २०३० होती, ती अलीकडे ओढली. माझ्या काळच्या गाड्या दहा टक्क्यांचा विचार करून बनल्या. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणून मायलेज उतरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या चारचाकींसाठी सहा-सात टक्के घट धरलेली होती. शिवाय ते जुन्या रबराला मानवत नाही. गंमत अशी की टर्बो इंजिनाला त्याचे उच्च ऑक्टेन आवडते. म्हणजे काळीज खूश, सांधे नाराज. पन्नाशीकडे झुकलेल्या कोणालाही हे वर्णन परके वाटू नये.

तर हे इथेनॉल येते कुठून? बऱ्याच अंशी उसापासून. मक्यापासून आणि धान्यापासूनही. मांजरेच्या खोऱ्यात ऊस आणि कारखाने यांनी लातूरचे राजकारण, शिक्षणसंस्था, रस्ते, सगळेच घडवले. आणि याच लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिली गाडी आली तेव्हा दहा टाक्यांत पाच लाख लिटर पाणी होते. नंतर पन्नास टाक्यांची गाडी येऊ लागली. माझी पोलो चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडली तेही २०१६ साल. त्या उन्हाळ्यात पत्नी लातूरला भाड्याच्या खोलीत आठवड्याला एकदा येणारा टँकर सांभाळत होती. आज त्याच शिवारातल्या उसाचा अंश माझ्या टाकीत पडत असणार, आणि मी पंपावर उभा राहून माझ्या रबराच्या नळ्यांची काळजी करतो. प्रश्न नळ्यांचा नाही हे मला कळते. पण नळ्यांचाही आहेच.

उसाने मला आणखी एक गोष्ट दाखवली, ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. गेल्या वर्षी गाळप हंगामात, जानेवारीत, आम्ही तिघे लातूरहून नांदेडला येत होतो. रात्रीचे साडेआठ. अहमदपूरच्या अलीकडे समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे डोळ्यांवर होते. ते सरले आणि माझ्यापुढे, अगदी पुढे, काळोखाचाच एक चौकोनी तुकडा होता: उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही. वेग ऐंशीच्या वर होता. ब्रेक लागले. गाडी सरळ रेषेत थांबली. मागच्या ट्रॉलीतून बाहेर आलेली उसाची टोके काचेपासून हातभर अंतरावर होती. मागच्या सीटवर मुलगी होती. पट्टा लावलेला होता, त्यामुळे तिला काही झाले नाही. ती नांदेड येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. पत्नीने घरी आल्यावर एवढेच विचारले, ‘अहो, ती गाडी चांगली थांबली म्हणून वाचलो, की ती इतकी पळत होती म्हणून एवढं जवळ गेलो?’

मी दोन्ही उत्तरे द्यायला तयार होतो. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य तारे मिळाले होते आणि दोन एअरबॅगच्या पोलोला चार; माझ्या गाडीत त्या दोन आहेत, शिवाय घसरण रोखणारी यंत्रणाही आहे. आजच्या गाड्यांत सहा एअरबॅग मिळतात, मागे बसणाऱ्यांसाठीही. हा ‘अपग्रेड’च्या बाजूचा खरा मुद्दा आहे, बाकी सगळे पडद्याचे आकार आणि छताच्या काचा. पण पत्नीचा प्रश्न एअरबॅग मोजून सुटत नाही. नवी गाडी अधिक पळते. त्या ट्रॉलीला मात्र दिवा लागलेला नसतो.

पैशाबद्दलही लिहायला हवे, कारण आपण लिहीत नाही. आमच्या विभागात एक तरुण सहकारी आहे. नेट, पीएच.डी., चांगला वाचक. माझ्यापेक्षा चांगला शिकवतो. गेली नऊ वर्षे तासिका तत्त्वावर आहे. दर जूनमध्ये नव्याने मुलाखत, सुट्टीत मानधन नाही, आणि जे मिळते तेही महिन्याच्या महिन्याला मिळेलच असे नाही. माझ्या संभाव्य हप्त्याचा आकडा मी त्याच्यासमोर बोलून गेलो. तो हसून म्हणाला, ‘सर, माझ्या महिन्याच्या जवळपास जातोय.’ नंतर विषय त्यानेच बदलला. मी गाडीसाठी थांबायचे की नाही याचा विचार करतो. तो पदासाठी थांबला आहे, लग्नासाठी थांबला आहे, आणि त्याला ‘थांबावे का’ असे कोणी विचारलेले नाही. थांबणे ही माझ्यासाठी निवड आहे. त्याच्यासाठी ते हवामान आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादेत (आजच्या छत्रपती संभाजीनगरात) उद्योजकांनी गट करून एका दमात दीडशेच्या आसपास मर्सिडीज काढल्या होत्या, बँकेने सात टक्क्यांनी कर्ज दिले होते. त्याच प्रदेशात ट्रॅक्टरला जवळपास दुप्पट व्याज पडते हे पी. साईनाथ यांनी तेव्हाच दाखवून दिले. आम्ही प्राध्यापकांनी त्यावर चर्चासत्रे केली. टाळ्या मिळाल्या. आज त्या तरुण मित्राच्या तुलनेत मर्सिडीजवाला कोण, हे मला चर्चासत्राशिवाय समजले.

तरी याचा अर्थ हौस सोडून द्यावी असा मी काढत नाही. अपराधी वाटून मी गाडी न घेतल्याने त्याला पद मिळणार नाही. आणि हौसेला आपण जो कमीपणा देतो त्यात मला एक ढोंग दिसते: फ्लॅट, प्लॉट, सोने, मुलांचे डोनेशन हे सगळे ‘गुंतवणूक’ म्हणून पावन, आणि शनिवारी दुपारी माणसाला माणसात आणणारी एक लहान गाडी तेवढी चैन.

मला निर्णयाकडे नेले ते आजोबांच्या जोडीने. १९७२ च्या दुष्काळात चारा संपला. कामाची जोडी ठेवणे भाग होते, म्हणून दमणीची जोडी विकायची ठरली. वडील तेव्हा दहा-बारा वर्षांचे होते. त्यांनी सांगितलेले एवढेच: मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेत, खंडोबाच्या पायथ्याशी, दलालाने बैलांचे दात पाहिले, उपरण्याखाली आजोबांची बोटे दाबली, आणि दोन मिनिटांत व्यवहार झाला. घरी येताना आजोबा म्हणाले, पाऊस झाला की पुन्हा जोडी आणू. १९७३ ला पाऊस चांगला झाला. जोडी आली नाही. आधी विहीर आली, मग मोटारपंप, मग चुलत्यांची वाटणी, मग ट्रॅक्टर. दमणी मी लहानपणी गोठ्यात पाहिली आहे. एक चाक नव्हते, आणि तिच्यावर कडबा रचलेला असे. आजोबांनी ‘आता नको’ असे कधी म्हटले नाही. ते शेवटपर्यंत थांबलेलेच होते.

दर शनिवारी मी माळेगाववरून जातो. यात्रेच्या दिवसांत रस्त्याच्या कडेला अजूनही घोडे, खेचरे, बैल बांधलेले असतात आणि वाहतूक तासभर अडते. यंदा अडलो तेव्हा खिडकी खाली करून एका म्हाताऱ्याला उगाच विचारले, ‘मामा, जोडी विकायला आणली का?’ तो म्हणाला, ‘इकायला न्हाई, दाखवायला आणली.’

माझे मत असे बनले आहे: गाडी घ्यायची नाही, आणि थांबायचेही नाही. नवी गाडी घेणे म्हणजे ही विकणे, आणि ही जात पुन्हा आमच्या ऐपतीत येईल असे दिसत नाही. थांबणे म्हणजे ती दारात झिजत ठेवून कशाची तरी आशा करणे. या दोन्हींपेक्षा सांभाळणे हे वेगळे काम आहे. त्यात पैसे जातात, वेळ जातो, हात काळे होतात. सांभाळायची तर रबर आताच बदलायचे, कशाचीही वाट न पाहता. ब्रेक आणि टायर सर्वांत आधी, आणि तिथे घासाघीस करायची नाही. मेहुण्याला हे सांगितले तर तो म्हणाला, ‘दाजी, सत्तर हजार म्हाताऱ्या बैलाला?’ तो शेतकरी आहे, त्याला हिशेब कळतो. मुलगी पुढच्या वर्षी बाहेरगावी गेली आणि तिच्यासाठी सहा एअरबॅगची गाडी घ्यायची वेळ आली, तर घेईन. तेव्हा कदाचित ती उंच असेल, पांढरी असेल, आणि मी मेहुण्याकडे पाहणार नाही.

तूर्त बुश आणि नळ्या पुण्याहून मागवल्या आहेत. त्या गुरुवारी ट्रॅव्हल्सच्या पार्सलने येतील, शुक्रवारी गाडी गॅरेजला. शनिवारचा तिसरा तास त्या तरुण सहकाऱ्याने घ्यायचे कबूल केले आहे. म्हणजे दुपारी दोनला निघता येईल, आणि ट्रॉल्या रस्त्यावर यायच्या आत, उजेडातच, लातूर.